बिनसासूच्या माश्या

शाळेत रुजू झाले त्या दिवशी मी वाट चुकून मागच्या अंगणात गेले. तिथं इरकली लुगडं नेसलेली एक चाळिशीची बाई जमिनीवर पालथी पडली होती. गाल मातीला टेकलेला, एक डोळा मिटलेला, अंबाड्यात तरवडाची पिवळी फुलं. मला वाटलं, चक्कर आली. कॉन्व्हेंटमध्ये आम्हांला शिकवलं होतं, की चक्कर आलेल्या माणसाच्या कपाळावर ओली पट्टी ठेवावी. मी रुमाल काढून पाण्याचा माठ शोधू लागले.

“हळू चाल गं,” बाई न हलता म्हणाली. “खाली बाळंतिणी हायत.”

मी जिथल्या तिथं थांबले. एक पाय वरच राहिला.

या आमच्या शिवणाच्या शिक्षिका, नीलाक्का. पूर्ण नाव नीलगंगा, पण मुली, पालक, भाजीवाली, सगळे नीलाक्काच म्हणत. घरात कन्नड, शाळेत मराठी, आणि चिडल्या की दोन्ही एकदम. मी पुण्याहून आलेली. वडिलांची रेल्वेत सोलापूरला बदली झाली आणि घरी बसून काय करायचं म्हणून मी या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवू लागले. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालेलं, त्यामुळे मराठी बोलताना मी आधी मनात वाक्य जुळवून बघायची. ते जुळेपर्यंत समोरचं माणूस निघून गेलेलं असायचं. नीलाक्कांना हे फार सोयीचं वाटलं. त्यांना न अडवता ऐकणारं माणूस हवंच होतं.

बाळंतिणी म्हणजे माश्या. मधमाशीएवढ्याच, पण जरा गुटगुटीत. अंगावर तांबूस लव आणि पोटावर निळसर पट्टे, जणू लुगड्याचे काठ. यांचं पोळं नसतं. मध काढून बरणीत भरावा असं काही त्या करत नाहीत. गौरी-गणपतीच्या आसपास त्या यायच्या आणि अंगणातल्या कडक मातीत प्रत्येक जण आपापलं बीळ खणायची. शेजारी शेजारी शंभर बिळं, पण दारं वेगळी. तरवडावरून, तुळशीवरून, वांग्याच्या फुलांवरून पायांना पिवळं पीठ लावून आणायचं, आत छोट्या खोल्या करायच्या, प्रत्येक खोलीत त्या पिठाचा गोळा आणि त्यावर एक अंडं ठेवायचं, दार लिंपायचं. मग काही आठवड्यांनी त्या दिसेनाशा व्हायच्या. आतली पोरं वर्षभर मातीत राहून पुढच्या गौरींना वर यायची.

यांना नाव काय, असं मी एकदा धीर करून विचारलं. नीलाक्का म्हणाल्या, “नाव कशाला पायजे? माहेरवाशिणी म्हण. बाळंतपणाला येत्यात, बाळंतपण करून जात्यात. आणि एक सांगू? प्रत्येकीची चूल वेगळी. राणी न्हाई, सासू न्हाई, जाऊ न्हाई. देवानं एवढी एकच जात नीट केली बघ.”

“आणि नवरे?”

“चल दावते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन वर यायच्या आत, त्यांनी मला कुंपणाशी नेलं. तिथं वाळक्या गवताच्या एका काडीवर सात-आठ माश्या ओळीनं लटकत होत्या. पाय मोकळे सोडलेले, फक्त जबड्यानं काडी धरलेली. गाढ झोप.

“हे नवरे,” नीलाक्का कुजबुजल्या. “बिळात घेत न्हाईत त्यांना. रातभर असं दातानं धरून निजायचं. पडलास तर पडलास.” मग बराच वेळ त्या काडीकडं मोठ्या समाधानानं बघत राहिल्या.

त्यांचं स्वतःचं सासर बार्शीकडं कुठंतरी होतं. त्या तिथं एकदाच गेल्या आणि परत आल्या, एवढं मला शाळेत कळलं होतं. पुढचं मी विचारलं नाही.

नीलाक्कांचा शिवणाचा वर्ग म्हणजे अर्धा वेळ शिवण आणि अर्धा वेळ माशी. टाके वाकडे आले की म्हणायच्या, “सहा पायांची बाई अंधारात सरळ भिंत घालती, तुला दोन हात आणि खिडकी असून जमंना?” तरवडाच्या फुलाला माशी कशी मिठी मारते आणि अंग थरथरवून पीठ कसं झाडून घेते, हे दाखवायला त्या शिवणयंत्राचं चाक हातानं गरागरा फिरवायच्या. आवाज खरंच तसाच यायचा. पण त्या नादात एकदा मंगलचा परकर टेबलक्लॉथला शिवला गेला, आणि गिरणीचा भोंगा होऊन शाळा सुटली तेव्हा मंगल टेबलासकट उठू लागली.

सगळंच त्यांना बरोबर ठाऊक होतं असं मात्र नाही. तरवडाचं फूल केसांत घातलं की अर्धशिशी होत नाही, असं त्या छातीठोक सांगत आणि दर गुरुवारी अर्धशिशीनं रजा घेत. नागपंचमीला जमीन खणू नये, हा रिवाज माश्यांनीही पाळावा असा त्यांचा आग्रह होता. एका वर्षी पाऊस लवकर झाला आणि चार माश्या नेमक्या नागपंचमीलाच येऊन खणू लागल्या. नीलाक्का लाह्यांची वाटी घेऊन अंगणात उभ्या, आणि खाली बघून ओरडताहेत, “अगं आज न्हाई! आज न्हाई म्हंते ना! उद्या खणा की गं, काय घाई हाय?” माश्यांनी ऐकलं नाही. शेवटी नीलाक्कांनीच वरती बघून हात जोडले आणि सांगितलं, “परगावच्या हायत. त्यांना ठाव न्हाई.”

नवऱ्यांना नांगी नसते, हे त्यांनी एकदा वर्गाला प्रात्यक्षिक करून दाखवलं. कुंपणावरून एक माशी मुठीत धरून आणली आणि मूठ वर करून उभ्या राहिल्या. “बघा पोरींनो. नुसता आवाज करतोय. करणार काय? त्याच्याकडं हायच काय? मी म्हणत हुते...” इथं त्यांचा चेहरा बदलला. डोळ्यांत पाणी आलं, पण मूठ खाली आली नाही. “... मी म्हणत हुते की,” त्या अगदी हळू म्हणाल्या, “ही बायको दिसतीय.”

मुलींनी टाळ्या वाजवल्या.

त्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ झाला तो नावांमुळे. लग्न होऊन गेलेल्या विद्यार्थिनींची नावं त्या माश्यांना ठेवायच्या. चालीवरून, कामावरून. ही वत्सला, सारखी दार विसरती. ही गिरिजा, पीठ सांडत येती. मला त्या रोज मधल्या सुट्टीत सगळ्यांची खुशाली सांगत. एके दिवशी सांगितलं, “शांताचं लई वाईट झालं बघ. दुपारी बाहेर गेली तर तिच्या घरात दुसरीच शिरली. आता आतनं ढकलती तिला. शांता बिचारी दारात बसून हाय कालपासनं.”

हे खिडकीजवळच्या मुलींनी ऐकलं. संध्याकाळपर्यंत ते भवानी पेठेत शांताच्या आईपर्यंत पोचलं. शांताला बार्शीला दिलेली होती. नीलाक्कांचंही सासर तिकडलंच. तेव्हा त्यांना खात्रीची बातमी असणार, असं सगळे धरून चालले. शांताचे वडील मिळेल ती गाडी पकडून निघाले, कुर्डुवाडीला गाडी बदलली, आणि सकाळी जावयाच्या दारात उभे राहून गर्जले, “कुठाय ती दुसरी?”

शांता आत भजी तळत होती. घरात दुसरी म्हणजे एक म्हैस होती.

परत आल्यावर ते तडक शाळेत आले. नीलाक्कांनी सगळं ऐकून घेतलं, कान पकडले, आणि मग न राहवून म्हणाल्या, “पर आमच्या शांतानं काय केलं ठाव हाय का? दुसरं घर बांधलं! शेजारीच! या, दावते.” आणि ते गृहस्थ, चिडलेले, दमलेले, कपड्यांवर गाडीचा कोळसा, खरोखर त्यांच्यामागून अंगणात गेले आणि उकिडवे बसून बघू लागले. जाताना म्हणाले, “हुशार हाय की पोरगी.”

हे सगळं चाललं होतं तोवर ठीक होतं. मग शाळेला नवे चिटणीस मिळाले.

नानासाहेब पुण्याहून पेन्शन घेऊन मुलाकडं सोलापुरात राहायला आलेले. काळी टोपी, चांदीच्या मुठीची काठी, आणि प्रत्येक गोष्ट नीट व्हावी अशी तळमळ. माणूस वाईट नव्हता. सोलापूरला आल्यापासून त्यांना धुळीचा फार त्रास व्हायचा, एवढंच. पहिल्याच फेरीत ते शिवणाच्या खोलीत शिरले. खोली मातीच्या भिंतींची. तिथंही खिडकीखाली माश्यांची बिळं होती. नानासाहेबांना ती भिंतीची हयगय वाटली. त्यांनी काठीचं टोक एका बिळात घातलं आणि फिरवलं.

नीलाक्का आणि मी त्याच वेळी अंगणातून येत होतो. आतून आवाज आला, यंत्राचं चाक दहा जणींनी मिळून फिरवावं तसा. माणूस घाबरलं की आईच्या भाषेत ओरडतं. नीलाक्का कन्नडमध्ये ओरडल्या, “कडीतावऽऽ! नानासाहेब, कडीताव!”

म्हणजे चावतात हो, चावतात. पण नानासाहेबांचं सगळं आयुष्य शनिवार पेठेत गेलेलं. त्यांनी ऐकलं, ‘कडी लाव!’

आणि त्यांनी झटकन दार लोटून आतून कडी लावली.

“कडी काढा! कडी काढा!” नीलाक्का दारावर धक्के मारत होत्या.

“आधी नक्की ठरवा!” आतून नानासाहेबांचा आवाज आला.

ठरेपर्यंत उशीर झाला होता. पावसाळ्यात गंजलेली कडी निघेना. शेवटी ते खिडकीतून बाहेर आले. टोपी आत राहिली. नाकाचा शेंडा वांग्यासारखा झाला होता. नीलाक्कांनी त्यावर चुना लावला आणि समजूत घालावी म्हणून सांगितलं, “सगळ्या बायका हायत हो आत. उगं कुणाला चावत न्हाईत. तुमी न विचारता घरात गेला ना.”

दुसऱ्या दिवशी नानासाहेबांनी जाहीर केलं, की मागच्या अंगणाला शहाबादी फरशी बसवायची. मुलींच्या शाळांची इन्स्पेक्ट्रेस, गोरी मडम, दसऱ्याच्या आत तपासणीला येणार होती. तिनं मागच्या खेपेला धुळीबद्दल शेरा मारला होता. फरशी दिसली तर शाळेचं अनुदान टिकेल. शिवणाच्या खोलीच्या भिंतींना आतून गिलावा त्याच संध्याकाळी झाला.

अनुदानाचं नीलाक्कांना कळत होतं. त्यांचाही पगार त्यातूनच यायचा. पण त्यांचं म्हणणं एवढंच, की माश्यांची बिळं असलेला तुकडा सोडा. आता कुठं अंडी घालून होताहेत. वर फरशी आली तर खाली निजलेल्या लेकी पुढच्या वर्षी वर येणार कशा? दगड फोडून? हे सांगताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झालेला मी ऐकला.

“माशीसाठी कुणी फरशी सोडत नाही,” नानासाहेब म्हणाले. नाकामुळे ते वाक्य त्यांना नीट म्हणता आलं नाही, म्हणून त्यांनी ते दोनदा म्हटलं.

त्या वेळी देशभर सत्याग्रह चाललेले. गवंडी आले त्या सकाळी नीलाक्का त्या तुकड्यावर सतरंजी अंथरून मांडी घालून बसल्या होत्या. मुली भोवती उभ्या. घोषणाही झाली. दहा मिनिटांत माश्या फुलांवरून परतू लागल्या, आणि त्यांना आपलं दार सापडेना. दारावर नीलाक्का बसलेल्या. पायांना पिवळं पीठ लावून त्या त्यांच्याभोवती घोंघावू लागल्या, खांद्यावर बसल्या, अंबाड्यातल्या फुलांत शिरल्या. एक नथीवर बसून वाट बघू लागली.

नीलाक्का चटकन उठल्या. “अगंबाई,” म्हणाल्या, “मीच की सासू झाले.”

मग त्यांनी शिपायाच्या खोलीतली सुंभाची बाज मागवली आणि ती त्या तुकड्यावर ठेवली. वर नीलाक्का, खाली वाहतूक. त्या दिवसापासून शिवणाचा वर्ग बाजेवर भरू लागला. नानासाहेब दिवसातून एकदा येऊन लांब उभे राहात.

“नीलाक्का, तुम्ही उठणार आहात की नाही?”

“उठते की. बाळंतपणं झाली की उठते.”

“किती दिवस लागतील?”

“आमच्यात बाळंतिणीला दिवस विचारत न्हाईत.”

गवंडी बिचारे काम करणार कसे? ते बाजेच्या चारी बाजूंनी फरशी बसवत आले. शेवटच्या दिवशी एक जण म्हणाला, “अक्का, पाय वर घ्या,” आणि नीलाक्कांनी पाय वर घेतले. अंगण गुळगुळीत झालं, मधोमध बाजेएवढा तुकडा उघडा राहिला. फरशीचं पाणी आत जाऊ नये म्हणून गवंड्यानं कडेनं फरशीच्या उभ्या चिपा रोवून दिल्या. एका टोकाला नीलाक्कांनी मडक्यात तरवडाच्या फांद्या खोचून ठेवल्या. दारातच शिदोरी मिळावी म्हणून.

आणि मडम आली.

त्या सकाळी नानासाहेबांनी बाज तेवढी हलवायला लावली. बाकी करण्यासारखं काही उरलं नव्हतं. सगळ्यांचा बेत एकच होता, की मडमला मागच्या अंगणात नेऊच नये. पण तिला फरशी बघायचीच होती. उंच, वयस्क बाई, मोठी हॅट, बूट धुळीनं भरलेले. इंग्रजी बोलायला म्हणून मला बरोबर दिलेलं.

मडम चालत चालत त्या तुकड्याशी आली आणि थांबली. “हे काय?” तिनं मला विचारलं.

नानासाहेब आकाशाकडं बघू लागले. मी नीलाक्कांकडं बघितलं आणि मराठीत विचारलं, काय सांगू?

“खरं काय ते सांग,” नीलाक्का म्हणाल्या. त्यांनी हात जोडले होते, हे मला आता आठवतं. “सांग, हे माहेर हाय. आई राहत न्हाई हितं, लेकीला बघायच्या आत ती जाती. पर माहेर हाय. ह्यावर दगड घालू नका म्हणावं.”

मी मनात वाक्य जुळवू लागले. माहेर. माहेरला इंग्रजीत शब्द काय? वर्डस्‌वर्थच्या पानन्‌पान कविता पाठ होत्या मला, पण माहेर त्यात कुठंच नव्हतं. सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणाले, “मदर्स हाउस.” मग म्हणाले, “द मदर इज नो मोअर.” मग घाईनं म्हणाले, “प्लीज, नो स्टोन.”

मडमनं त्या लांबट तुकड्याकडं पाहिलं. कडेच्या चिपांकडं पाहिलं, उशाशी ठेवलेल्या फुलांकडं पाहिलं, हात जोडून उभ्या असलेल्या नीलाक्कांकडं पाहिलं. तिनं हळूच हॅट काढली आणि मान खाली घातली.

मडमनं मान खाली घातली म्हटल्यावर मुलींनी घातली. नानासाहेबांनाही टोपी काढावी लागली. एक माशी बिळातून बाहेर आली, हॅटभोवती एक फेरी मारून तरवडावर गेली.

मग मडम अगदी हळू आवाजात नानासाहेबांना काही विचारू लागली. तुम्ही लोक तर दहन करता ना? नानासाहेबांच्या कपाळावर घाम दिसला. खरं सांगावं, तर अर्धवट फरशीचं काय कारण द्यायचं? माशी? त्यांनी एकवार नाक चोळलं आणि इंग्रजीत सांगितलं, “यांच्यात पुरतात, मॅडम. लिंगायत.”

ते खरंच होतं. फक्त शाळेच्या अंगणात पुरत नाहीत.

अडचण एकच होती. नीलाक्कांच्या आई जिवंत होत्या. इतकंच नाही, तर मडम आत चहा घेत असताना त्या शाळेच्या फाटकातून आत येत होत्या.

त्यांना सगळे अव्वा म्हणत. सत्तरीच्या, काटक, कपाळावर विभूती, पायांत जोडा नाही. मडम येणार म्हणून त्यांनी शेंगापोळ्या करून फडक्यात बांधून आणल्या होत्या. थेट ऑफिसच्या दारात येऊन त्या नीलाक्कांच्या शेजारी उभ्या राहिल्या. नाक तेच, हनुवटी तीच.

मडम हसली. “या कोण?”

मी तोंड उघडायच्या आत नानासाहेब म्हणाले, “आंट! मावशी! मदर्स सिस्टर!”

“एनंताळ?” अव्वांनी लेकीला विचारलं. काय म्हणतेय ही?

नीलाक्का कन्नडमध्ये पुटपुटल्या. त्यातलं एकच मला कळलं, “नी सत्ती, अव्वा.” तू मेलीस.

“यावाग?” अव्वा म्हणाल्या. कधी?

पुढं नीलाक्कांनी आणखी दोन वाक्यं सांगितली असतील. अव्वांनी ती शांतपणे ऐकली, पोळ्यांचं फडकं टेबलावर ठेवलं, पदर खोचला, आणि कुणाला काही न विचारता मागच्या अंगणात चालत गेल्या. मागोमाग मडम, मागोमाग आम्ही. अव्वा त्या तुकड्याच्या कडेला बसल्या, दोन्ही हात वर केले आणि मोठ्यानं रडायला सुरुवात केली. मराठीत. मडमला कन्नड नाही तरी मराठी कळेलच, असा त्यांचा हिशोब.

“अगं माझे बाई गं! कुठं गेलीस गं! काय तुझ्या हाताची शेंगापोळी गं! आता तशी पोळी कोण लाटणार गं! पेठेत कुणाच्या चटणीला तुझी सर न्हाई गं!”

मडमनं रुमाल काढला. नीलाक्कांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. खांदे गदागदा हलत होते. मडमला ते रडणं वाटलं.

“आठ लेकरं काढलीस गं! एकालाही उपाशी निजवलं न्हाईस गं! म्हातारपणी दात सगळे शाबूत गं!” अव्वांना आता रंग चढला होता. “आणि लेकीला तिकडं मारायला लागल्यावर एकटी गेलीस गं! बाप्या माणूस कुणी आला न्हाई तुझ्यासंगं! जावयाच्या दारात उभी राहिलीस आणि लेक घिऊन आलीस गं! लोक बोललं, तर बोलू दे म्हणलीस! तिला शिवणाच्या शाळेत घातलीस! कुणाला भ्याली न्हाईस गं माझे बाई!”

नीलाक्कांचे खांदे थांबले. पदर तोंडातून निघाला. त्या आईकडं बघत उभ्या राहिल्या, आणि मी दुसरीकडं पाहिलं.

अव्वांनी डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि मडमला खुणेनं विचारलं, पोळी खाल्लीस का?

मडमनं त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. पोळ्या तिनं दोन खाल्ल्या. निघताना तिनं नानासाहेबांना बजावून सांगितलं, की फरशी उत्तम झाली आहे, आणि ती जागा कधीही झाकायची नाही. पुढच्या वर्षी मी येईन तेव्हा फुलं आणीन. नानासाहेब ‘यस मॅडम’ म्हणाले. अनुदान टिकलं.

टांगा गेला. मग अव्वा त्या तुकड्याकडं पुन्हा एकदा नीट बघून म्हणाल्या, “जागा बरी हाय. जरा सावलीत घ्यायची हुती.”

पुढच्या वर्षी गौरी बसल्या आणि दोनच दिवसांत माश्या वर आल्या. मातीला आधी बारीक भोक पडायचं, मग त्यात एक डोकं दिसायचं, ते जरा वेळ तिथंच थांबायचं. मडम खरंच फुलं घेऊन आली. तिच्यानंतरही नावाची पाटी नसलेली ती समाधी शाळेत तशीच राहिली. नव्या मुली परीक्षेला जाताना तिला नमस्कार करू लागल्या, आणि नीलाक्का त्यांना सांगत, “करा की. आत बायकाच हायत.”

मडमनं फुलं आणली त्याच वर्षी वडिलांची पुन्हा बदली झाली. निघायच्या दिवशी मी निरोप घ्यायला मागच्या अंगणात गेले. काय बोलायचं ते घरून जुळवून नेलं होतं. अव्वा फरशीवर पाय पसरून शेंगा फोडत बसल्या होत्या. आता त्या आठवड्यातून दोनदा तरी यायच्या. म्हणत, “माझ्याच जागेवर यायला मला कुणाची परवानगी?” नीलाक्का त्यांच्याशेजारी ओणव्या होऊन एका भोकाकडं टक लावून होत्या.

तेवढ्यात नानासाहेब ऑफिसातून बाहेर पडून अंगण ओलांडू लागले. तुकड्यापाशी आल्यावर ते थांबले, टोपी काढली आणि मान झुकवली. बघायला मडम नव्हती, पाहुणे नव्हते. वर्षभरात त्यांच्या अंगवळणीच पडलं होतं ते.

“असू दे, असू दे,” शेंगा फोडता फोडता अव्वा म्हणाल्या. “मोठा हो.”

मी तोंड उघडलं, पण नीलाक्कांनी वर न बघताच हात उचलून सगळ्यांना गप्प केलं.

“नानासाहेब,” त्या हळू म्हणाल्या, “सावली काढा तुमची. ती बाहेर यायलीय.”

नानासाहेब टोपी छातीशी धरून एक पाऊल मागं सरले.